पान काय सांगते?
धाटावच्या परसबागांतील काही नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

रोह्याहून कोलाडकडे निघाले की वाटेत धाटाव लागते. एका बाजूला कुंडलिका नदी, भोवती भाताची खाचरे आणि मध्ये औद्योगिक वसाहतीची धुराडी. घर लहान असो की मोठे, मागच्या बाजूला एखादा नारळ, न्हाणीच्या पाण्यावर अळू, कुंपणाला जास्वंद, मांडवावर शिराळ्याचा किंवा दुधीचा वेल आणि ओटीवर चार कुंड्या असतातच. रोहे तालुक्यातच काय, साऱ्या कोकणात परसबागेचे रूप थोड्याफार फरकाने असेच असते.

बाग आली की प्रश्नही आले. पाने पिवळी पडली, फुले गळली, रोप माना टाकू लागले. अशा वेळी आपण लगेच विचारतो, "यावर कोणते औषध मारू?" पण डॉक्टर रोग्याला तपासल्यावाचून औषध देत नाहीत. झाडाला बोलता येत नाही हे खरे; तरी त्याचे पान पुष्कळ काही सांगत असते. ते समजून घेण्यासाठी तीन प्रश्न लक्षात ठेवा : कोणते पान बिघडले, जुने की नवे? केव्हापासून बिघडले, एका दिवसात की हळूहळू? आणि बिघाड कोठे आहे, एकाच झाडावर, एकाच बाजूला की सगळीकडे? या तीन प्रश्नांच्या आधारे आता एकेक कोडे सोडवू या.

प्रश्न १ : भर पावसात, माती ओली असताना रोप कोमेजते. असे का?

कोमेजलेले रोप पाहून ते तहानेले आहे असे आपल्याला वाटते. ते खरोखरच तहानेलेले असते, पण पाण्यात उभे राहून! त्याचे कारण मुळांच्या श्वासोच्छ्वासात आहे.

मुळे जिवंत असतात आणि त्यांनाही प्राणवायू लागतो. मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्यांतील हवेतून तो त्यांना मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूची वाट जवळजवळ बंद होते, कारण हवेच्या मानाने पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मुळे गुदमरतात, पाणी शोषण्याचे त्यांचे काम थांबते, कुजविणाऱ्या बुरशीला आयतीच संधी मिळते आणि वर पाने माना टाकतात. आपण 'बिचारे वाळले' म्हणून आणखी पाणी घालतो आणि त्याचा शेवट जवळ आणतो.

मग शेजारच्या खाचरात भात पाण्यात कसे उभे राहते? भाताच्या खोडातून थेट मुळांपर्यंत हवेच्या पोकळ नळ्या गेलेल्या असतात. पानांतून शिरलेला प्राणवायू या नळ्यांतून खाली मुळांना पोहोचतो. अळूचा देठ आडवा कापून भिंगाखाली पाहा. त्यात जाळीसारख्या पोकळ्या दिसतील. म्हणून अळू सांडपाण्यात सुखाने वाढते, आणि मिरची, झेंडू, गुलाब यांना तेच पाणी मारक ठरते.

उपाय सोपा आहे. पावसाळ्यात जमिनीवरची रोपे वरंब्यावर लावावीत. कुंडीचे भोक मोकळे असावे आणि कुंडी विटांवर उचलून ठेवावी. 'कुंडीच्या तळाशी दगडगोटे घातले की पाण्याचा निचरा चांगला होतो' असे पुष्कळांना वाटते. हे कितपत खरे आहे?

करून पाहा : आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडे पाणी गळेल व थांबेल. आता तोच स्पंज उभा धरा. पुन्हा पाणी गळू लागेल! पाणी तेच, स्पंजही तोच. मग हे कसे घडले? केशाकर्षणामुळे स्पंजाच्या तळाशी ठराविक उंचीचा थर पाणी धरून ठेवतो. आडव्या स्पंजाचा बराच भाग त्या थरात येतो, उभ्या स्पंजाचा थोडाच येतो. मातीचेही तसेच आहे. उथळ कुंडी जास्त काळ चिंब राहते, उंच कुंडी लवकर मोकळी होते. तळाशी दगड भरले तर हा चिंब थर दगडांच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. त्यामुळे भोकावर एक खापरी पुरे. निचरा हवा असेल तर मातीतच वाळू, भाताचे तूस किंवा नारळाचा भुसा मिसळावा.

एक सावधगिरी मात्र बाळगा. टोमॅटो, वांगी किंवा मिरचीचे चांगले हिरवे रोप दोनचार दिवसांत एकाएकी कोमेजले तर ते जिवाणूंमुळे होणारा 'मर' रोग असू शकतो. उष्ण आणि दमट कोकणात तो नेहमी आढळतो. त्याची परीक्षा वर्गातही करता येते. रोपाचे खोड बुडाजवळ कापून त्याचा तुकडा काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात, कापलेला भाग बुडेल असा, स्थिर धरा. काही मिनिटांत कापलेल्या भागातून दुधासारखी धार खाली उतरताना दिसली, तर त्या धारेत कोट्यवधी जिवाणू आहेत असे समजा. या जिवाणूंनी पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबविलेल्या असतात. अशा रोपाला कोणतेही औषध वाचवीत नाही. ते मुळासकट काढून नष्ट करावे आणि त्या जागी काही वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली पिके लावू नयेत.

प्रश्न २ : खत घालूनही पाने पिवळी का पडतात?

येथे पहिला प्रश्न उपयोगी पडतो : पिवळे पान जुने की नवे?

घरात टंचाई आली की आई आपल्या ताटातले काढून लेकरांना वाढते. झाडही तसेच करते. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले की झाड जुन्या पानांतील साठा काढून कोवळ्या पानांकडे पाठविते. म्हणून नत्राच्या कमतरतेत खालची, जुनी पाने सबंध फिकट होतात. मॅग्नेशियम हा तर हरितद्रव्याच्या रेणूच्या केंद्रस्थानी असलेला धातू. तो कमी पडला की जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. लोहाचे मात्र वेगळे आहे. एकदा पानात बसलेले लोह झाडाला सहज हलविता येत नाही. त्यामुळे लोह कमी पडले तर जुनी पाने हिरवीगार राहतात आणि शेंड्याची नवी पाने पिवळी, पण हिरव्या शिरांची निघतात. जास्वंद, मोगरा, लिंबू यांवर हे चित्र अनेकदा दिसते.

कमतरता होते कशी? थोडा हिशेब करू. कोकणाच्या या भागात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. २५ सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीचे तोंड सुमारे ४९० चौरस सेंटिमीटर असते. उघड्यावर ठेवलेल्या अशा एका कुंडीवर पावसाळ्यात जवळजवळ दीडशे लिटर पाणी पडते. कुंडीत माती असते जेमतेम दहा लिटर. म्हणजे मातीच्या पंधरा पट पाणी तिच्यातून वाहून जाते!

हे पाणी रिकाम्या हाताने जात नाही. मातीतील चिकणकणांवर ऋण विद्युतभार असतो. नत्र मातीत मुख्यतः नायट्रेटच्या रूपात असते आणि नायट्रेटवरही ऋण भारच असतो. दोन्ही भार सारखे, त्यामुळे माती नायट्रेटला धरून ठेवू शकत नाही आणि पाण्याबरोबर ते निघून जाते. मॅग्नेशियम, कॅल्शियम व पालाश यांवर धन भार असतो, म्हणून ते काही काळ टिकतात. पण संततधारेपुढे तेही हळूहळू धुपतात आणि माती आम्ल बनते. म्हणून भर पावसाच्या तोंडावर मूठभर युरिया टाकणे म्हणजे तो कुंडलिकेला वाहण्यासारखे आहे. पावसाने उघडीप दिली की थोडे थोडे, पुन्हा पुन्हा खत द्यावे. चांगले कुजलेले शेणखत आपली पोषकद्रव्ये सावकाश सोडते, म्हणून आपल्याकडे ते विशेष उपयोगी.

आता एक गंमत पाहा. डोंगरउताराची तांबडी माती लोहाच्या ऑक्साइडमुळेच तांबडी दिसते. त्या मातीत उभे असलेले झाड लोहावाचून उपाशी कसे राहते? नव्या घराच्या भिंतीलगत, जेथे बांधकामाचा राडा पुरलेला असतो, तेथे हे हमखास घडते. चुना आणि सिमेंट यांमुळे माती अल्कधर्मी होते आणि अशा मातीत लोह पाण्यात विरघळत नाही. अन्न कोठीत आहे, पण कोठीला कुलूप आहे! अशा वेळी खत वाढवून काही होत नाही. राडा काढून टाकून चांगली माती भरावी. मुळे गुदमरल्यामुळेही नवी पाने पिवळी पडतात, तेव्हा निचराही पाहावा.

आणि अधूनमधून बुडाचे एखादेच पान पिवळे होऊन गळले तर काळजी नको. ते पान म्हातारे झाले, इतकेच.

प्रश्न ३ : वेलाला फुले पुष्कळ येतात, पण फळ धरत नाही. वेलाला दृष्ट लागली का?

भोपळा, दुधी, काकडी, शिराळे, पडवळ या वेलांवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. फुलाच्या मागे पाहा. नुसता बारीक देठ असेल तर ते नर फूल. देठावर इवलेसे फळ दिसत असेल तर ते मादी फूल. वेल प्रथम बहुधा नर फुलेच काढतो आणि ती उमलून गळतात. ही फुले गळणारच. त्यात वेलाचे काही बिघडलेले नसते. नत्र खत जास्त झाले तर मात्र पाला माजतो आणि मादी फुले उशिरा व कमी येतात.

मादी फूल येऊनही मागचे कोवळे फळ पिवळे होऊन गळत असेल, तर परागकण पोहोचलेले नाहीत असे समजावे. येथे वेळ महत्त्वाची आहे. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारपूर्वी मिटू लागते. दुधी, शिराळे आणि पडवळ यांची फुले संध्याकाळी उमलतात. त्यांच्याकडे पतंग आणि सांजवेळचे कीटक येतात. सतत पाऊस असला की मधमाश्या बाहेर पडत नाहीत. आणि कोणी वेलावर कीटकनाशक मारले असेल तर पाहुणे येणार कोठून?

अशा वेळी हे काम आपण करावे. ताजे नर फूल खुडा, पाकळ्या काढून टाका आणि त्यातील पिवळे पराग मादी फुलाच्या मधोमध असलेल्या कुक्षीवर हलकेच टेकवा. भोपळ्याला सकाळी, दुधी-शिराळ्याला तिन्हीसांजेला. दोन फुलांवर हा प्रयोग करा, दोन तशीच सोडा आणि दोऱ्याने खूण बांधा. आठवड्याने कोणते फळ टिकले ते पाहा.

प्रश्न ४ : जास्वंदीवर पांढरा कापूस आणि बुडापासून शेंड्यापर्यंत मुंग्यांची रांग. मुंग्या झाड खातात का?

तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. मेणाच्या भुकटीचे कवच पांघरून तो झाडाचा रस शोषतो. रसात साखर पुष्कळ आणि प्रथिने थोडी; त्यामुळे पुरेशी प्रथिने मिळविण्यासाठी त्याला फार रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर तो चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. मुंग्या येतात त्या या गोड थेंबांसाठी. त्या झाड खात नाहीत. पण गुराख्याने गुरे राखावीत तशा त्या पिठ्या ढेकणांना राखतात आणि त्यांच्या शत्रूंना हुसकावून लावतात. चिकट पानावर पुढे काळी बुरशी वाढते आणि पान काजळल्यासारखे दिसते. काजळी, मुंग्या आणि कापूस अशी तिन्ही लक्षणे एकाच कारणाची!

पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने कीड धुऊन काढा, फार माखलेल्या फांद्या छाटा, आणि एक लिटर पाण्यात चमचाभर साधा पातळ साबण घालून ते पाणी संध्याकाळी किडीवर शिंपडा. आधी एका पानावर शिंपडून, ते करपत नाही ना, हे पाहा. मुंग्यांची वाट तोडली की अर्धे काम झाले, कारण मग किडीचे शत्रू निर्धास्तपणे येतात. त्यांतील एका ढालकिड्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली असते. ती पिठ्या ढेकणापेक्षा मोठी आणि चपळ असते. तिला कीड समजून चिरडू नका!

किडीचे शत्रू किती उपयोगी पडतात याचे एक उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. २००८ साली कोइमतूरजवळ पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण आढळला आणि थोड्याच काळात तो पपई, तुती, जास्वंद अशा कितीतरी झाडांवर पसरला. महाराष्ट्रातही तो पोहोचला. कीटकनाशके मारूनही तो आवरेना. तेव्हा २०१० साली या किडीच्या अंगात अंडी घालणाऱ्या तीन जातींच्या चिमुकल्या गांधीलमाश्या पोर्टो रिको बेटावरून आणून सोडण्यात आल्या, आणि कीड आटोक्यात आली.

प्रश्न ५ : नारळाच्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसतात. हे कोणाचे काम?

कागदाची घडी घालून कात्रीने एक काप द्या आणि घडी उलगडा. सारखे त्रिकोणी काप ओळीने दिसतील. गेंड्या भुंगा नेमके हेच करतो. तो नारळाच्या शेंड्यात शिरून मिटलेली कोवळी झावळी पोखरतो. झावळी उलगडते तेव्हा काप दिसतात; म्हणजे घाव पूर्वीच झालेला असतो. त्याचे घर मात्र नारळावर नसते. त्याच्या जाड पांढऱ्या अळ्या शेणाच्या उकिरड्यात आणि कुजक्या ओंडक्यांत वाढतात. म्हणून उकिरडा वेळोवेळी उकरून अळ्या वेचाव्यात आणि कुजके खुंट काढून टाकावेत.

प्रश्न ६ : पाने करपली. हा कारखान्यांच्या वायूचा परिणाम असेल का?

धाटावसारख्या ठिकाणी हा प्रश्न साहजिक आहे आणि त्याचे उत्तर घाईने देऊन चालणार नाही. वायूमुळे पाने करपू शकतात, हे शास्त्राला चांगले ठाऊक आहे. पानांची सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडी असतात. सल्फर डाय-ऑक्साइडसारखा वायू त्यांतून आत शिरतो आणि ओल्या पेशींत विरघळून हरितद्रव्याचा नाश करतो. शिरांमधला भाग फिकट, हस्तिदंती रंगाचा होतो. पूर्ण वाढलेल्या पानांना हा त्रास अधिक होतो. फ्लोराइड मात्र पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानाच्या टोकाकडे व कडेकडे साचते आणि तेथे करपा दिसतो. १८६६ साली विल्यम नायलँडर या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतील दगडफुलांचा अभ्यास केला. वस्तीच्या हवेचा त्यांच्यावर परिणाम होतो, असे त्याने दाखविले. तेव्हापासून वनस्पतींकडे हवेच्या साक्षीदार म्हणून पाहिले जाऊ लागले.

पण साक्षीदाराची उलटतपासणीही करावी लागते. टोकाचा करपा जास्त खतामुळे येतो, कुंडीत साचलेल्या क्षारांमुळे येतो, तसा नुसत्या पाण्याच्या ताणानेही येतो. मग ओळखायचे कसे? तेच तीन प्रश्न पुन्हा विचारा. वायूचा परिणाम एकदोन दिवसांत दिसतो, अनेक जातींच्या झाडांवर, अगदी रानातल्या तणावरही, एकाच वेळी दिसतो आणि वारा ज्या बाजूने आला त्या बाजूला अधिक असतो. त्यानंतर फुटणारी पाने निरोगी असतात. बुरशीचे ठिपके एकेका जातीवर पडतात, लहानाचे मोठे होतात आणि दिवसेंदिवस पसरतात. अन्नद्रव्याची उणीव आठवड्यांच्या गतीने येते. हवामानही पाहा. हिवाळ्यातील शांत पहाटे थंड हवा नदीखोऱ्यात तळाशी बसते आणि धूर वर न जाता खालीच रेंगाळतो.

एवढे करूनही पान पाहून केवळ संशय घेता येतो. सिद्ध करायला प्रयोगशाळेतील तपासणी लागते. परंतु तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि कोणकोणत्या झाडांची कोणती पाने करपली याची नोंद हाताशी असली, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे केलेल्या तक्रारीला वजन येते. नुसते 'झाडे मेली' म्हटल्याने ते येत नाही. उलट, घरच्या जास्त झालेल्या खताचे खापर धुराड्यावर फुटले, तर पुढची खरी तक्रारही कोणी मनावर घेत नाही.

शेवटी औषधाबद्दल

वरच्या प्रश्नांकडे पुन्हा पाहा. गुदमरलेल्या मुळांना वाट हवी होती, वेलाला पराग हवे होते, नारळाचे दुखणे उकिरड्यात होते. विषारी फवारणीने यांतले एकही कोडे सुटले नसते. उलट मधमाश्या आणि ढालकिडे मेले असते, आणि घराच्या दारातले विष मुलाबाळांपर्यंत पोहोचले असते. फवारणीची खरोखर गरज पडली तर ती मोठ्या माणसांनी, तज्ज्ञांना विचारून आणि डब्यावरच्या सूचना पाळूनच करावी. रोह्याजवळ किल्ला येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे हे केंद्र असून तेथे शेतीविषयक सल्ला मिळतो. जाताना बिघडलेल्या फांदीबरोबर त्याच झाडाची एक निरोगी फांदीही न्या, म्हणजे तुलना करता येईल.

शाळेत एक उपक्रम करण्यासारखा आहे. प्रत्येकाने घराजवळची पाच झाडे निवडावीत आणि दर रविवारी वहीत नोंद करावी : तारीख, पाऊस, वारा, कोणते पान, जुने की नवे, काय दिसले. शिक्षकांनी या साऱ्या वह्या वर्षअखेर गावाच्या एका नकाशावर एकत्र मांडाव्यात. मृगापासून पुढच्या मृगापर्यंत वर्गाने अशा नोंदी ठेवल्या, तर धाटावच्या मातीची, पाण्याची आणि हवेची एक मोलाची बखर तयार होईल.